पितळी रिंग सैल होते ती आतून

लाकडी डक कॉलच्या, म्हणजे बदकासारखा आवाज काढणाऱ्या शिट्टीच्या, बॅरलवरची (पोकळ नळीवरची) पितळी रिंग हलायला लागली की पहिला संशय गोंदावर जातो. बहुतेक वेळा गोंद बिचारा निर्दोष असतो. रिंगच्या आतलं लाकूड आधी फुगलेलं असतं, फुगायला जागा नाही म्हणून दाबलं गेलेलं असतं आणि मग सुकून आकसलेलं असतं. गोंद बदलून हे थांबत नाही. लाकूड, माप आणि भोकाच्या आतला लेप, या तीन ठिकाणी आधी काम करावं लागतं.

ज्यांनी ही वस्तू हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बॅरलच्या एका टोकातून फुंकायचं. दुसऱ्या टोकात इन्सर्ट नावाचा वेगळा तुकडा दाबून बसवलेला असतो, आवाज देणारी पत्ती त्याच्यावर असते. इन्सर्ट जिथे शिरतो तिथे बॅरलची भिंत सगळ्यात पातळ असते आणि प्रत्येक वेळी इन्सर्ट दाबताना तिला बाहेर ढकललं जातं. लाकूड रेशांच्या दिशेने सहज चिरतं, म्हणून त्या टोकाला रिंग. शोभा हा तिचा दुसरा उपयोग. ही मुळात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची वस्तू आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा इथे हे काम लेथवरच्या कारागिरीसाठी, संग्रहासाठी, भेट देण्यासाठी. बडोद्याच्या मंडळींना कळकळीची विनंती आहे की तयार झालेला कॉल घरात फुंकून पाहा, डभोईजवळच्या वढवाणा तलावावर नको. बडोदा संस्थानाने 1910 मध्ये बांधलेला हा तलाव 2021 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेल्या पक्ष्यांना तिथे विसावा मिळायला हवा.

आता मापं. भोक सहसा 5/8 इंच, म्हणजे साधारण 16 मिमी. बाहेरून 25 मिमी आणि आतून 22 मिमी अशी पितळी नळी घेतली तर रिंगची भिंत दीड मिमी होते आणि तिच्याखाली लाकडाची 3 मिमी भिंत उरते. याहून कमी लाकूड ठेवू नका. रिंगची रुंदी 10 ते 12 मिमी पुरते. नळी कापल्यावर दोन्ही कडा काटकोनात आहेत ना ते पाहा, आतल्या कडेचा बर (कापताना उरलेली धारदार किनार) गोल कानशीने काढा. तो राहिला तर रिंग चढवताना लाकूड खरवडलं जातं आणि गोंद पुढे ढकलला जातो.

सागवानाचं उदाहरण घेऊ. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वलयांच्या दिशेने सुमारे 5.8 टक्के आकसतो आणि गाभ्याकडून सालीकडच्या दिशेने सुमारे 2.5 टक्के. पावसाळा आणि मे महिना यांच्यात लाकडातल्या ओलीत पाच टक्क्यांचा फरक धरला, तर 22 मिमीची बैठक, म्हणजे रिंग जिथे चढते तो लाकडाचा भाग, एका दिशेने सुमारे 0.2 मिमी बदलते आणि दुसऱ्या दिशेने 0.1 मिमीच्या आत. म्हणजे ती फक्त लहान-मोठी होत नाही, लंबगोल होते. पितळ मात्र वीस अंशांच्या फरकाने 0.01 मिमीसुद्धा हलत नाही. ऑगस्टमध्ये अगदी घट्ट बसवलेली रिंग मेमध्ये फिरू लागते ती यामुळे. उलट मेमध्ये ठोकून बसवली तर पावसाळ्यात लाकूड रिंगच्या आत चेपलं जातं. चेपलेले रेशे पुन्हा पूर्ण उठत नाहीत, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात ती पहिल्यापेक्षा जास्त सैल होते. ठोकून घट्ट करण्याची सवय सोडा, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं ते यासाठीच.

लाकडाचा ठोकळा कापून, मधलं भोक थोडं लहान ठेवून पाडा आणि तो घरात उघड्यावर ठेवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ दोन-तीन आठवडे वजन तेच आलं की पुढे जा. बडोद्यात जुलै-ऑगस्टमध्ये वजन स्थिर झालं तरी ते ओलीतच स्थिर झालेलं असतं. म्हणून रिंग बसवायचं काम मी दिवाळीनंतरच करा म्हणेन.

आणि पाऊस नसतानाही ओल येतेच, ती फुंकणाऱ्याच्या श्वासातून. उबदार, दमट हवा आणि थोडी थुंकी रोज भोकाच्या भिंतीत मुरते. बाहेरून रिंगने बांधलेलं लाकूड मग आतल्या बाजूला फुगतं. भोक लहान होतं, इन्सर्ट अडकतो, माणूस तो पिळून ओढतो आणि त्या पिळात रिंगचा गोंद सुटतो. भोक बंद केलं नसेल तर रिंगचं सगळं काम वाया जातं. शेवटच्या मापाला भोक केल्यावर पातळ फेविक्विकचे दोन-तीन हात आतून द्या, खिडक्या उघड्या ठेवून. टोकाच्या आडव्या छेदाला एक हात जास्त, कारण रेशांची तोंडं तिथे उघडी असतात. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून माप पुन्हा तपासा. रिंगच्या बैठकीवर मात्र फेविक्विकचा थेंबही जाऊ देऊ नका.

बैठक कातताना भोकात लेथचं शंकूच्या टोकाचं सेंटर टेकवा, नाहीतर रिंग आणि भोक एका मध्यावर येत नाहीत आणि भिंत एका बाजूला पातळ राहते. पार्टिंग टूलने (अरुंद, सरळ पात्याच्या कातण्याच्या हत्याराने) 22.3 मिमीपर्यंत या, मग हलक्या हाताने 21.85 ते 21.9 पर्यंत. माप बैठकीच्या दोन्ही टोकांना आणि मध्येही घ्या. उतार असेल तर रिंग एकाच कडेवर टेकते. हाताने ढकलली की रिंग सरकावी, पण डुगडुगू नये. ज्या पायरीला ती टेकणार ती आतल्या बाजूला केसभर खोल काता, म्हणजे बाहेरून फट दिसत नाही. बैठकीवर पार्टिंग टूलच्या कोपऱ्याने 0.3 मिमी खोलीच्या दोन खाचा पाडा. रिंगच्या आतही त्रिकोणी कानशीने तिरके ओरखडे काढा. या खाचांत भरलेला इपॉक्सी गोंद घट्ट होऊन कडीसारखा अडकतो.

गोंदाबाबत माझं मत पक्कं आहे, सावकाश वाळणारा दोन नळ्यांचा इपॉक्सीच वापरा. फेव्हिकॉलला वाळताना पाणी बाहेर जायला वाट लागते, ती पितळातून मिळत नाही. फेविक्विक कडक आणि ठिसूळ होतं, लाकूड हललं की त्याचा थर तडकतो. पाच मिनिटांत वाळणारा इपॉक्सी चालतो, पण रिंग फिरवून, पुसून, सरळ करायला वेळ उरत नाही. लाखेने पात्यांना मुठी बसवायची जुनी पद्धत चांगली आहे, इथे मात्र ती नको. संखेड्याचे खराडी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, फिरत्या लाकडावर लाख टेकवून नुसत्या घर्षणाच्या उष्णतेने रंग चढवतात, मग पॉलिश करताना तापलेल्या पितळाखाली ती कशी टिकेल?

रिंग आतून 120 नंबरच्या पेपरने घासा, ॲसिटोनने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. सागवान, शिसव यांच्या बैठकीवरही ॲसिटोनचा बोळा फिरवा आणि ते उडून गेलं की लगेच गोंद लावा, कारण तेल पुन्हा वर येतं. गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावा, रिंग फिरवत फिरवत आत न्या. सगळ्या कडेने थोडा गोंद बाहेर आला तरच आत पोकळी नाही असं समजा. ॲसिटोनचा हलका बोळा घेऊन तो पुसा, पण फटीत ॲसिटोन जाऊ देऊ नका. भोकात शिरलेला गोंद काडीने तेव्हाच काढा. पूर्ण 24 तास लेथला लावू नका.

काही जण रिंगमधून पितळी पिन मारतात. नीट केलेल्या बैठकीला तिची गरज नाही. मारायचीच असेल तर दीड मिमीची एकच, आधी भोक पाडून. दोन पिना लाकडाला दोन्हीकडून धरून ठेवतात आणि चीर तिथूनच निघते.

रिंग बसल्यावरच बॅरलचा बाहेरचा आकार काता, म्हणजे लाकूड आणि पितळ एका पातळीत येतात. फिकट लाकडात पितळाची काळी भुकटी रेशांत बसते आणि निघत नाही. त्यासाठी लाकडाला आधी सँडिंग सीलरचा (रेशांची तोंडं बंद करणाऱ्या लेपाचा) हात द्या आणि पितळ घासताना त्यावर टेप लावा. कानस मूठ असलेलीच वापरा. घासताना रिंगला अधूनमधून बोट लावा. चटका बसला की थांबा, साधा इपॉक्सी 60 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो.

हाच गुण दुरुस्तीला उपयोगी पडतो. सैल रिंगच्या फटीत वरून फेविक्विक सोडू नका, ते एकाच बाजूला भरतं आणि पुढच्या दुरुस्तीत खरवडत बसावं लागतं. सोल्डरिंग आयर्न पितळाला टेकवून रिंग तापवा, कापडात धरून फिरवत काढा, जुना गोंद दोन्हीकडून साफ करा. बैठक फार आकसली असेल तर तिच्यावर बारीक सुती दोऱ्याचा एक सपाट थर गुंडाळा, तो इपॉक्सीत भिजवा आणि रिंग पुन्हा चढवा. भोकाचा लेप गेला असेल तर तो आधी द्या.