आम्ही की आपण

मंगळवार, २४ जून २०२५
रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाही. तीन दिवस झाले तरी खाली रस्त्यावर कुणीतरी अजून हॉर्न वाजवतंय. मला मात्र रविवारचं एकच वाक्य कुरतडतंय, आणि ते इतकं लहान आहे की कुणाला सांगायचीही लाज वाटते. म्हणून इथे.

शनिवारी रात्री ओव्हिएदो, म्हणजे स्पेनमधल्या या गावाचा फुटबॉल क्लब, वर गेला. २४ वर्षांनी पहिल्या विभागात. लिहिताना अजून अंगावर काटा येतो. मिरांदेस या संघाच्या मैदानावर पहिला सामना ०-१ हरून आलेले, घरच्या मैदानावर परत पहिला गोल त्यांचाच. मग काझोर्लाची पेनल्टी, चायराचा गोल, आणि जादा वेळेत पोर्तियोचा. ३-१. खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा माझ्या शेजारीच होते. ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. माझा हात तेवढा धरून ठेवला होता, इतका घट्ट की सकाळी बोटं दुखत होती.

आणि रविवारी दुपारी त्याच आजोबांनी ते वाक्य म्हटलं.

गास्कोना रस्त्यावरच्या आमच्या नेहमीच्या चिग्रेत, म्हणजे सिद्राच्या गुत्त्यात, बसलो होतो. पाय ठेवायला जागा नाही, जमिनीवर सिद्राचा, सफरचंदाच्या दारूचा, चिकट ओलावा, पोरगा बाटली डोक्याच्या वर धरून ओततोय. आजोबांचा भाचा वाय्यादोलिदहून आलेला. त्याने माझ्या गळ्यातला निळा स्कार्फ बघितला, माझा चेहरा बघितला आणि आजोबांना विचारलं, "ही पण?" आजोबा म्हणाले, "हो तर, हीसुद्धा ओव्हिएदोचीच. फक्त ही चिखलात नव्हती." मग माझ्यासाठी एक कुलिन, ग्लासाच्या तळाशी ओततात तेवढा घोट, ओतायला सांगितला आणि पुढच्या गोष्टीला लागले.

बस्स. एवढंच झालं.

ते खोटं बोलले नाहीत, खवचटपणाने तर मुळीच नाही. मी चिखलात नव्हतेच. २००१ साली क्लब पहिल्या विभागातून खाली आला तेव्हा मी शाळेत होते आणि ओव्हिएदो नावाचं गाव नकाशावर दाखवता आलं नसतं. २००३ मध्ये मैदानावर हरून तिसऱ्या स्तरावर, आणि खेळाडूंचे पगार थकले म्हणून त्याच उन्हाळ्यात आणखी एक पायरी खाली, तेर्सेरामध्ये. नावाला तिसरी, खरं म्हणजे चौथी. खेड्यापाड्यांतल्या संघांशी सामने. त्याच वेळी महापालिकेने एका दुसऱ्या क्लबाच्या पाठीवर हात ठेवला. जुना आस्तुर, त्याचं नाव बदलून ओव्हिएदो एसीएफ. गावाला म्हणाले, हा घ्या तुमचा नवा संघ. गावाने घेतला नाही. तीस हजारांच्या नव्याकोऱ्या तार्तिएरेत लोक चौथ्या स्तराचे सामने बघायला जात राहिले. २००५ मध्ये एक पायरी वर, २००७ मध्ये परत खाली, २००९ मध्ये परत वर. हे सगळं मला पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं. आजोबांना ते पाठ नाही, त्यांची सालं नेहमी चुकतात. त्यांना तेव्हाचा पाऊस आठवतो.

मला खुपतंय ते चिखलापेक्षा त्याच्या पुढचं. त्यानंतर तासभर ते बोलत होते आणि प्रत्येक वाक्यात नोसोत्रोस, म्हणजे आम्ही किंवा आपण. बऱ्याचदा तो शब्दही गाळून क्रियापदाला नुसती '-मोस'ची शेपटी. तेर्सेरात होतो, हरलो, परत आलो, आता बेर्नाबेऊला, रियाल माद्रिदच्या मैदानावर, जाणार. मी मान डोलावत होते आणि मनात प्रत्येक वाक्य मराठीत करून बघत होते. तेर्सेरात आम्ही होतो की आपण होतो? बेर्नाबेऊला आम्ही जाणार की आपण जाणार? त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. आपल्याकडे माणूस तोंड उघडताक्षणी कळतं की त्याने दार उघडं ठेवलंय की लावून घेतलंय. इथे सात वर्षं झाली, भाषा इतकी येते की स्वप्नंही कधीकधी तिच्यात पडतात, आणि हे एक मला कधीच कळणार नाही. विचारायचं तरी कसं? "आजोबा, तुमच्या 'आम्ही'त मी आहे का?" असा प्रश्न तिथे तयारच होत नाही.

कालचा अख्खा दिवस मी स्वतःची कीव करण्यात घालवला, हे कबूल करते. ऑफिसात सगळे निळे कपडे घालून आलेले. मी स्कार्फ पिशवीतच ठेवला. काझोर्लाचा विचार करत राहिले. तोही २००३ मध्ये गेला होता ना, अठराव्या वर्षी, विय्यारेआलला. तोपर्यंत पहिल्या संघाकडून एकही सामना खेळला नव्हता. क्लब बुडत होता, पोरगा गेला. चिखल तुडवला तो मिचूने, २००३ ते २००७. काझोर्ला परत आला २०२३ मध्ये, नियमाने देता येईल तेवढ्या कमीत कमी पगारावर. शनिवारी ती पेनल्टी मारली तेव्हा तो चाळिशीचा होता. त्याला कुणी म्हणेल का, तू चिखलात नव्हतास? प्रशिक्षक पाउनोविच तर २००१ मध्ये जो संघ खाली गेला त्याच संघात होता, मधली वर्षं कुठे कुठे काढून आला, त्यालाही लोकांनी मिठीत घेतलं. मग मलाच का, असं म्हणत राहिले दिवसभर. उत्तर मला माहीत आहे. काझोर्ला इथून जवळच्याच यानेराचा. मी कुठली.

आणि मग तो कागद.

आजोबांना मी त्याबद्दल आजवर सांगितलेलं नाही. दरवेळी ओठांवर येतं आणि थांबते, कारण ते सांगणं म्हणजे पावती दाखवण्यासारखं होईल. नोव्हेंबर २०१२, कोथरूडचं घर, रात्रीचे दोन, दादा संगणकासमोर. १७ तारखेपर्यंत १९ लाख युरो जमले नाहीत तर क्लब बंद पडणार होता. १० युरो ७५ सेंटला एक शेअर. काझोर्ला, माता, मिचू, इथे वाढलेली सगळी पोरं तेव्हा इंग्लंडमध्ये खेळत होती, त्यांनी घेतले. साठहून जास्त देशांतल्या लोकांनी घेतले. शेवटी मेक्सिकोच्या कार्लोस स्लिमने २० लाख युरो घातले आणि क्लब वाचला. त्या साठांत एक आपला देश, आणि त्यात एक दादा. साधारण साडेसातशे रुपये. सकाळी आईने विचारलं, कुठला संघ? दादा म्हणाला, मिचूचा. आणि कानाशी हात फिरवून दाखवला, मिचू स्वान्सीकडून गोल केल्यावर करायचा तसा. आईला काय कळणार. मलाही तेव्हा कळलं नव्हतं, मी नुसती हसले होते.

शेअरवर नाव दादाचं आहे. माझं नाही.

तो कागद माझ्या पासपोर्टाच्या फायलीत आहे, मागच्या कप्प्यात. मी इथली नोकरी का घेतली हे आई सोडून कुणी विचारलं नाही, आणि आईनेही एकदाच विचारलं. ते आज नको.

तर मी काय म्हणत होते. माझा हक्क, असलाच तर, तोही दुसऱ्याच्या नावावरचा. काल संध्याकाळी हेच घोळवत उरिया रस्त्याने घरी येत होते आणि त्या ओकच्या फलकापाशी उभी राहिले. रोज त्यावरून जाते, वाचत नाही. तिथे कार्बायोन होता, जुना प्रचंड ओक. १८७९ मध्ये रस्ता रुंद करायला तो तोडला. गावातल्या लोकांना तेव्हापासून आजतागायत कार्बायोनेस म्हणतात, त्या झाडाची माणसं. बेकरीत बदामाची मिठाई मिळते तिचंही नाव तेच. शनिवारी पूर्ण मैदान त्या नावाने स्वतःला हाका मारत होतं, आणि त्यातल्या एकानेही, एकाच्याही आजोबाने ते झाड पाहिलं असण्याची शक्यता फार कमी. फलकापाशी चांगली पाच मिनिटं उभी होते. मागून एका बाईंनी विचारलं, काही हरवलंय का.

मग घरी येऊन खालच्या आजोबांचं बोलणं आठवत बसले. रविवारचंच नाही, सात वर्षांचं. त्यांची आवडती गोष्ट तीसच्या दशकातली आहे, 'विजेची फळी'. कासुको, गाय्यार्त, लांगारा, एरेरिता, एमिलिन. ही पाच नावं ते एका दमात म्हणतात, आपल्याकडे परवचा म्हणायचे तशी. लांगाराने १९३४, १९३५, १९३६ अशी तीन वर्षं सलग लीगमध्ये सगळ्यांत जास्त गोल केले. आणि लांगारा इथला नव्हता, बास्क होता, पासाइयाचा. मग स्पेनचं यादवी युद्ध. शहराला वेढा पडला, बुएनाव्हिस्ता मैदानाची दुर्दशा झाली. लांगारा बास्क संघाबरोबर देशाबाहेर गेला तो अर्जेंटिना, मेक्सिको करून १९४६ मध्येच परतला. १९३९-४०च्या मोसमात खेळायला मैदानच नव्हतं, म्हणून ओव्हिएदोला एक वर्ष थांबायची परवानगी मिळाली, जागा राखून. त्या वर्षी खेळाडू इतरांकडे खेळले. त्या रिकाम्या जागेवर अॅथलेटिको आव्हियासिओन, म्हणजे आजचं अॅटलेटिको माद्रिद, आलं आणि चक्क लीग जिंकून गेलं. आजोबा हे सांगताना दरवेळी टेबलावर बोट आपटतात: "त्या वर्षी आम्ही खेळलोच नाही, आणि आमच्या जागेवर येऊन ते जिंकले!"

आम्ही खेळलोच नाही.

आजोबांचा जन्म १९४७चा आहे.

काल रात्री हे लक्षात आलं आणि मी अंथरुणात उठून बसले. त्यांनी लांगारा त्याच्या ऐन भरात पाहिलाच नाही. तो वेढा पाहिला नाही. फुटलेलं मैदान पाहिलं नाही. हे सगळं त्यांच्या वडिलांचं. खाणीतून घरी आल्यावर वडील पायातले बूट काढता काढता ती पाच नावं म्हणायचे, हे त्यांनीच मला सांगितलंय. त्या 'आम्ही'त ते वडिलांचं बोट धरून शिरले. आणि कसलाही संकोच न करता, जणू स्वतःच कासुकोला पास दिला होता अशा थाटात बोलतात. मला ते इतकी वर्षं ऐकताना कधी खटकलं नाही. किती सहज वाटायचं.

म्हणजे मग दादा.

नाही, हे आज पुढे नेत नाही. पण एवढं लिहून ठेवते की काल रात्री मला पहिल्यांदा नीट झोप लागली, आणि आज सकाळी ऑफिसला जाताना स्कार्फ गळ्यात होता, उकडत होतं तरी.

चिखलाचं वाक्य मात्र अजून आहेच. ते जाणार नाही आणि जायलाही नको. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांची ती वर्षं. आजोबांची बायको त्याच वर्षांत गेली. तरीही ते रविवारी मैदानावर जात, सभासदत्वाची दोघांची दोन कार्डं खिशात घेऊन, हे मला त्यांच्या मुलीने सांगितलंय, त्यांनी नाही. त्या चिखलात मी होते असं मला कुणी म्हणायला नकोच.

आज संध्याकाळी दार उघडलं तर खालून सरकवलेली चिठ्ठी होती. बिलाच्या मागच्या बाजूला, त्यांच्या तिरक्या अक्षरात. जुनं तार्तिएरे, म्हणजे तेच बुएनाव्हिस्ता, जिथे होतं तिथे आता वास्तुविशारद कालात्राव्हाची ती पांढरी इमारत आहे, गाव तिला खेकडा म्हणतं. तिथे नेमका गोलपोस्ट कुठे होता ते दाखवीन, असं ते कधीपासून म्हणत होते. चिठ्ठीत एवढंच: "नेन्या, मान्याना वामोस आ बुएनाव्हिस्ता. आ लास दिएस."

पोरी, उद्या बुएनाव्हिस्ताला जाऊ. दहाला.

तीनदा वाचली. 'वामोस'. हे वाक्य मला लिहिलंय, म्हणजे मराठीत करताना तिथे 'आम्ही' बसतच नाही. बसवून पाहिलं, वाक्य मोडतं.

साडेनऊला तयार राहायला हवं, ते नेहमी आधीच खाली येऊन उभे असतात. फाईल काढून टेबलावर ठेवली आहे. कागद बरोबर नेईन की नाही, अजून ठरलेलं नाही.