ट्यूबलेसचं किट: सुई आता हँडलमध्ये

ऊस निघायला लागला, बेळगावच्या आसपासचे रस्ते बदलले, म्हणून पंक्चरचं किटही नव्याने लावलं. सायकल तीच, ग्रॅव्हल (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांची), टायर ७०० बाय ४०, ट्यूबलेस: आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट असतं. मोठा बदल एकच: प्लगची, म्हणजे भोकात रबरी स्ट्रिप कोंबायची सुई सीटखालच्या सॅडल बॅगेतून काढून उजव्या हँडलच्या टोकात बसवली. तिथलं बूच काढून त्या जागी सुईचं बूच जातं. सुईच्या डोळ्यात पातळ स्ट्रिप आधीच ओवलेली असते.

कारण साधं आहे. बाभळीचा काटा असेल तर तो उपटायचा, भोक खाली येईल असं चाक धरायचं, जरा फिरवायचं. बाकीचं सीलंट बघून घेतं. पण भोक मोठं असलं की पांढरा फवारा पिंढरीवर येतो आणि हवा भराभर उतरते. तेवढ्यात स्ट्रिप आत गेली तर निम्मी हवा टायरमध्येच राहते, वरची पंपाने भरली की चाललो. टायर पूर्ण बसून कड रिमवरून सुटली तर मात्र छोट्या पंपाने ती परत चढवणं जवळजवळ अशक्य, तिला एकदम जोराची हवा लागते. आणि सॅडल बॅगेत काय असतं? बॅगेची चेन उघडा, रबरबँड काढा, मल्टिटूलच्या खालून डबी ओढा. रिम टेकतोच तोवर.

उद्यमबागेच्या कारखान्यांकडून जाताना लेथचा कीस लागतो. कुरळा, निळसर, ब्लेडसारखा. तो भोक पाडत नाही, चीर पाडतो, आणि चिरेत सीलंट टिकत नाही. आतल्या गावरस्त्यांवर उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्रीचे खिळे निसटून पडलेले असतात. चपट्या डोक्याचा असा एक खिळा येळ्ळूरच्या रस्त्यावर मागच्या टायरात सरळ घुसला. उपटण्याआधी सुई हातात घेतली, खिळा ज्या तिरकस दिशेने होता त्याच दिशेने सुई घातली, दोन्ही टोकं बोटाच्या पेराएवढी बाहेर ठेवली आणि न पिळता झटक्यात ओढली. स्ट्रिप आत राहिली, सुई बाहेर. शेपट्या कापायच्या भानगडीत मी पडत नाही, रस्ता त्या झिजवतो. एका स्ट्रिपने भागलं नाही तर शेजारी दुसरी घालायची.

डाव्या टोकात जाड्या स्ट्रिप ठेवल्यात. उन्हात त्या चिकट होतात आणि धूळ धरतात, म्हणून बटर पेपरमध्ये गुंडाळून. मोटारसायकलवाल्यांची तपकिरी स्ट्रिप स्वस्त असते, पण आपल्या पातळ टायरला ती फार जाड. ती घालायला भोकच मोठं करावं लागतं.

हवेसाठी मिनी पंप फ्रेमवर आणि १६ ग्रॅमचा सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) एक कार्ट्रिज, म्हणजे दाबाने गॅस भरलेलं छोटं नळकांडं. ४० मिमीच्या टायरला तेवढा पुरतो. एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) सव्वादोन इंची टायरला तो कमी पडेल, त्यांनी २५ ग्रॅमचा घ्यावा. कार्ट्रिज उघड्या हाताने धरू नका, बर्फासारखा गार होऊन बोटांना चिकटतो. सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर निसटतो, म्हणून घरी आलं की तो सोडून साधी हवा भरायची. काही लेटेक्स सीलंट त्याच्या थंडाव्याने गोठतात, तेव्हा भरताना वॉल्व वर ठेवायचा.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे पितळेचा प्रेस्टा अडॅप्टर, आपल्या बारीक प्रेस्टा वॉल्वला गाड्यांच्या हवेची नळी बसवणारा. खानापूर रोडवरच्या एका दुकानदाराने वॉल्व बघून हात झटकले, "ह्याला आमची नळी बसत नाही की हो." अडॅप्टर लावला आणि त्याच्याच कॉम्प्रेसरने हवा भरली. एक मात्र सांगा त्याला, हळू भर म्हणून. ट्रकच्या दाबाची सवय असलेला हात आपला टायर उडवू शकतो.

चोर्ला घाटाकडे जायचं तर हिशेब वेगळा. जांबोटी सोडल्यावर पुढे दुकान मिळेल असं मी धरूनच चालत नाही. तिकडे जाताना टायरची बाजू फाटली तर आतून लावायला जुन्या टायरचा कापलेला तुकडा, टायर काढायचा एक लिव्हर आणि टीपीयूची (पातळ प्लास्टिकची) ट्यूब बरोबर घेतो. ट्यूब घालण्याआधी ट्यूबलेसचा वॉल्व काढायचा असतो, आणि त्याची रिमवर आवळलेली चकती चिकटून बसलेली असेल तर बोटांनी हलत नाही. म्हणून निघण्याआधी घरीच एकदा ती सैल करून हातानेच आवळतो.

सीलंट अजून ओलं आहे, चाक कानाशी हलवलं की आवाज येतो. इथल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ते लवकर सुकतं, तेव्हा होळीच्या आसपास वॉल्वच्या आतला कोअर काढून पुन्हा भरेन. टीपीयू ट्यूबची घडी अजून मोडलेली नाही. तिच्या घडीवर चिरा पडतात का, ते तेव्हाच उघडून बघतो आणि इथे लिहितो.