घाई कसली, असं विचारलंत म्हणून

गोदीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लग्नाकार्यात कुणीतरी विचारतंच, "अर्धवट बांधलेलं जहाज पाण्यात का सोडता हो? एवढी घाई कसली?"

घाई जागेची असते. स्लिपवे, म्हणजे पाण्याकडे उतरता बांधलेला ओटा, गोदीत मोजकेच. जहाजाचं पोट पाणी आत येणार नाही इतकं पक्कं झालं, की उरलेलं काम धक्क्याला लावूनही करता येतं. ओटा रिकामा झाला की पुढच्या जहाजाची कील, म्हणजे तळाचा कणा, बसते.

युद्धात तर एकेक दिवस मोलाचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने फ्लेचर वर्गाच्या १७५ विनाशिका बांधल्या. त्यातली 'किड' न्यू जर्सीतल्या कर्नीची. १६ ऑक्टोबर १९४२ला कील बसली, २८ फेब्रुवारी १९४३ला पाण्यात. पावणेचारशे फुटांचं जहाज, १३५ दिवस! त्याच दिवशी तिथूनच 'बुलर्ड'ही उतरली. २३ एप्रिलला 'किड' नौदलात दाखल झाली.

पर्ल हार्बरच्या हल्ल्यात 'ॲरिझोना' या युद्धनौकेवर मारले गेलेले ॲडमिरल किड, त्यांचं नाव तिला दिलं ते त्यांच्या पत्नीच्या हातून. तिथे बाटली फोडतात, आपल्याकडे नारळ. एका परीने बारसंच. पाहुणे तिकडे बघतात, आमचा जीव मात्र खाली अडकलेला. महिनोन्महिने ठोकळ्यांवर बसलेल्या जहाजाचा भार चरबी फासलेल्या घसरपट्टीवरच्या क्रेडलवर, म्हणजे जहाज धरून ठेवणाऱ्या पाळण्यासारख्या सांगाड्यावर, घ्यायचा असतो. त्यासाठी दोन्ही बाजूंनी एकदमच पाचरी ठोकायच्या, मग ठोकळे एकेक करून काढायचे. सुटलं की मागचं टोक आधी पाण्यात जातं, तरंगून उचललं जातं, आणि सगळा भार पुढच्या टोकाखाली येतो. ते काही क्षण मी कधीच श्वास घेतला नाही.

घाई म्हणजे कच्चं काम, असं मात्र समजू नका. ११ एप्रिल १९४५ला ओकिनावाच्या मोहिमेत आत्मघाती विमान 'किड'वर आदळलं. ३८ जण गेले. जहाज तरलं.

पुढे ती लुइझियानातल्या बॅटन रूजला, मिसिसिपीच्या काठी संग्रहालय झाली. तिथे नदीचं पाणी वर्षभरात ४० फुटांपर्यंत वरखाली होतं, म्हणून तिच्याखाली कायमचं क्रेडल बांधलंय. मुलाकडे गेलो होतो तेव्हा पाणी ओसरलेलं होतं. जलावतरणाआधी दिसते तशी ती उघडी बसली होती. सूनबाई वर तोफा बघायला बोलावत होती. मी खालीच, पत्र्यांचे सांधे बघत उभा राहिलो.