तंजावरात निरक्षर

तंजावरच्या बसस्थानकावर उतरलो आणि जवळजवळ पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा निरक्षर झालो. बसच्या कपाळावर, दुकानांवर, भिंतींवर सगळीकडे तमिळ. माझ्या डोळ्यांना नुसती सुबक वेटोळी. पाच बसना हात करून झाले. शेवटी एका आजींनी माझ्या हातातलं चर्चासत्राचं निमंत्रणपत्र बघितलं, काहीतरी पुटपुटल्या आणि दंडाला धरून मला एका बसमध्ये चढवलं. माझ्या पिशवीत तेव्हा मोडी कागद कसे वाचावेत यावरचा माझाच शोधनिबंध होता.

चर्चासत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, स्वागताचं भाषण झालं, मग स्वागत करणाऱ्यांचं स्वागत झालं. बीजभाषणाला इतक्या पारंब्या फुटल्या की माझी पंधरा मिनिटं सातावर आली. पाचव्या मिनिटाला अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली. ‘उर्वरित भाग छापील ग्रंथात वाचावा’ असं म्हणून मी बसलो. असे ग्रंथ कोण वाचतं हे मला ठाऊक आहे, कारण माझ्याकडे अकरा आहेत. जेवण मात्र केळीच्या पानावर आणि फर्मास. सांबाराचं नाव संभाजीराजांवरून पडलं, ही गोष्ट शेजारच्या प्राध्यापकांनी मी महाराष्ट्राचा म्हणून मुद्दाम ऐकवली. पुरावा विचारल्यावर त्यांनी वाढप्याला बोलावून माझ्या पानावर आणखी सांबार घालायला लावलं.

दुपारच्या सत्राला मी दांडी मारली. माझ्याच सत्रात बसलेली, शिलालेखांवर संशोधन करणारी एक तमिळ मुलगी मला दारात भेटली. तीही दांडीवरच होती. ‘सर, बृहदीश्वर?’ एवढंच तिनं विचारलं.

राजराज चोळानं हे मंदिर 1010च्या सुमारास पुरं केलं. विमान म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे 66 मीटर उंच. त्याची सावली जमिनीवर पडत नाही, असं तिथले मार्गदर्शक छातीठोकपणे सांगतात. आम्ही ते ऐकलं, तेही त्याच सावलीत उभं राहून. उन्हात फरशी इतकी तापलेली की अनवाणी पायांनी सगळे भाविक एका विचित्र नाचऱ्या चालीनं पुढे सरकत होते. मीही तसाच नाचत प्राकाराच्या, म्हणजे आवारभिंतीच्या, नैर्ऋत्य कोपऱ्याकडे गेलो आणि थांबलो.

भिंतीवर मराठी होतं. बाळबोध लिपीत, ओळींमागून ओळी. हा भोसले घराण्याचा इतिहास. 1803मध्ये तंजावरच्या गादीवरचे भोसले, सरफोजीराजे, यांच्या आज्ञेनं बाबूराव चिटणीसांनी रचलेला. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं, त्यावर मी वर्गात प्रश्नही घातले आहेत. पण दीड दिवस एक पाटी न वाचता काढल्यावर अचानक समोर आपली ‘क’, ‘ख’ उभी राहिली की काय होतं, ते पुस्तकात नाही. मी मोठ्यानं वाचायला लागलो. बोट लावून, पहिलीतल्या मुलासारखा. दोन शाळकरी पोरं मागं येऊन उभी राहिली. त्यांना बहुधा मी मंत्र म्हणतोय असं वाटलं, कारण एकानं हात जोडले.

पुराणकाळापासून सुरू झालेली वंशावळ मालोजी, शहाजी, शिवाजीराजे करत त्यांचे सावत्र भाऊ आणि तंजावरच्या भोसल्यांचे मूळपुरुष व्यंकोजी यांच्यावर येते आणि सरफोजींपर्यंत पोचते. मजकूर लांबलचक, दगड टणक. कोरणाऱ्यांचे हात किती दुखले असतील! पण मला खुपतं ते साल. 1799च्या तहात सरफोजींनी तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती दिला होता. उरला होता किल्ला, मान आणि तनखा. म्हणजे राज्य हातातून गेल्यावर चारच वर्षांनी ‘आम्ही कोण’ हे दगडात घातलं गेलं. माझा तरी कयास असा की, महसुलाची चिंता गेली तेव्हाच या माणसाला वाचायला सवड मिळाली. पुढं त्यानं देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, सरस्वती महाल हे ग्रंथालय ग्रंथांनी भरलं, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेववल्या. वाचण्याची आणि दिसण्याची त्याला भारी काळजी. 1855मध्ये त्याच्या मुलामागं पुरुष वारस उरला नाही म्हणून कंपनीनं किताबही मोडीत काढला. भिंत तेवढी राहिली.

‘आता माझी भिंत,’ ती मुलगी म्हणाली आणि मला विमानाच्या जोत्याशी घेऊन गेली. तिथं राजराजाचे लेख. कुणी किती सोनं दिलं, दिव्याला तूप कुठून यायचं, चारशे नर्तकींची नावं आणि त्यांची घरं! आमच्या चिटणीसांनी राजे मोजले, यांनी सेवेतली माणसं मोजली. खरं सांगायचं तर मला दुसरा हिशेब जास्त आवडला. राजाची आज्ञा ती सावकाश वाचत होती. आम्ही दिलेलं, आमच्या ‘अक्कन्’नं दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा...

‘थांब. अक्कन् म्हणजे अक्का?’

‘अक्का. मोठी बहीण. कुंदवै.’

आमच्या घरी आत्याला सगळे अक्का म्हणत. हजार वर्षांपूर्वीच्या सम्राटानं राण्यांच्याही आधी अक्काचं नाव घातलं, हे कळलं असतं तर तिनं त्याला जेवायला बोलावलं असतं. शब्द अर्थात यांच्याकडून आमच्याकडे आलेला. मी त्या मुलीकडून वहीत आजच्या तमिळमधला ‘अ’ काढून घेतला आणि चारदा गिरवला.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझ्या आडनावातलं एक अक्षर गळलं होतं. तक्रार करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो. स्थानकावर तिरुच्चीची बस शोधत फिरताना एका पाटीवर पहिलंच अक्षर ओळखीचं दिसलं आणि मी आनंदानं वर चढलो.

‘तिरुच्ची?’

कंडक्टरनं मान हलवली. ‘अरियलूर.’

उतरलो. पण ‘अ’ बरोबर होता.