बांधाचा दगड

शोकसभेत एकजण उठून म्हणाला, "म्हातारा भांडखोर होता. पण बांधाचा दगड नेमका कुठे होता, ते त्यालाच ठाऊक!" दोन क्षण सगळे चपापले. मग हसू फुटलं. गेलेल्याच्या मुलीलाही.

यंदा गावातली जुनी माणसं एकामागोमाग गेली आणि प्रत्येकाबद्दल आम्ही तेच बोललो. मनमिळाऊ, परोपकारी, अजातशत्रू. नुसतं नाव बदलायचं. (अजातशत्रू? यांच्यात तर निम्म्या गावाशी अबोला असलेलेही होते.)

त्या एका वाक्यात मात्र अख्खा माणूस उभा राहिला. भावाभावांत जुंपली की त्यांना बोलावणं जायचं. ते शिव्या देतच यायचे, काठी टेकवायचे, "इथं!" म्हणायचे. नकाशा काहीही म्हणो, भांडण तिथं मिटायचं.

२०१० मध्ये अंदमानात बोआ सीनियर गेल्या. बो भाषा येणारं ते शेवटचं माणूस. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी त्यांचं बोलणं, गाणी आधीच ध्वनिमुद्रित केली होती, म्हणून तेवढं तरी उरलं.

आपल्या माणसांचं आपण काय उरवतो? फोटो, दोन तारखा आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खोड्या, हट्ट, फक्त त्यांनाच जमणारी कामं, सगळं सभ्यपणे वगळून.

तुमच्या गावातून अलीकडे गेलेल्या कुणाला असं काय ठाऊक होतं, जे दुसऱ्या कुणालाच नव्हतं? खाली लिहा. आणि कृपा करून 'मनमिळाऊ' नको.