कबड्डीच्या मैदानावरून थेट रेडिओवर

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा सामना सामुदायिक रेडिओवरून थेट ऐकवायचं ठरलं की पहिली शंका परवानगीची निघते. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, म्हणून सामनाही चालणार नाही, असा बऱ्याच महाविद्यालयांचा समज आहे. पण स्थानिक स्वरूपाच्या क्रीडा स्पर्धांचं थेट समालोचन केंद्र सरकारच्या सामुदायिक रेडिओ धोरणात मान्य आहे. प्रसारणाचं रेकॉर्डिंग मात्र तीन महिने जपून ठेवावं लागतं.

सामना निवडताना टॉवरचा विचार करावा. प्रक्षेपणाची 100 वॉट आणि अँटेनाच्या उंचीची 30 मीटर ही मर्यादा धरली तर आवाज फार तर 10-15 किलोमीटर जातो. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं क्षेत्र जळगाव, धुळे, नंदुरबार असं तीन जिल्ह्यांचं आहे. नंदुरबारकडच्या शहाद्यातला सामना जळगावच्या केंद्रावरून ऐकवायचा तर त्यात जळगावचा संघ हवा, नाहीतर ऐकणार कोण?

मैदानातून स्टुडिओपर्यंत आवाज आणायला हल्ली मोबाइलवरचं कोडेक ॲप (आवाज दाबून इंटरनेटवरून पाठवणारं) पुरतं. मोनो आवाज, 64 केबीपीएस, ओपस फॉरमॅट. तासाला साधारण 30 एमबी डेटा जातो, म्हणजे अडचण डेटाची नसून नेटवर्कची आहे. सकाळी रिकाम्या मैदानात चाचणी घेऊन समाधान मानू नका. अंतिम सामन्याला गर्दी जमते, जो तो व्हिडिओ पाठवायला लागतो आणि तेव्हाच अपलोड कोसळतं. क्रीडा विभागातून इंटरनेटची केबल ओढता आली तर उत्तम, पण 100 मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही. ते जमत नसेल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. शिवाय एक साधा फोन कॉल स्टुडिओच्या मिक्सरवर आधीच जोडून ठेवावा, कारण लिंक तुटल्यावर नंबर शोधत बसलात की अर्धा मिनिट शांतता जाते. ऑक्टोबरच्या उन्हात टेबलावर ठेवलेला फोन तापून बंद पडतो. तो सावलीत, मोकळ्या हवेत हवा.

स्टुडिओतून समालोचकाच्या कानात जाणाऱ्या आवाजात त्याचा स्वतःचा आवाज असता कामा नये. तो एक-दोन सेकंद उशिरा परत आला की भल्याभल्यांची जीभ अडखळते. मिक्सरच्या ऑक्समधून (आवाज वेगळा बाहेर पाठवायच्या वाटेतून) मैदानाचं चॅनल पूर्ण खाली घेऊन बाकीचा आवाज परत पाठवायचा, एवढंच काम. पण चुकतं बहुतेक वेळा इथेच.

समालोचकाला हेडसेट माइक द्या, म्हणजे मान वळली तरी तोंड आणि माइक यांतलं अंतर बदलत नाही. दुसरा माइक मैदानासाठी, आणि माझ्या मते कबड्डी रेडिओवर जगते ती याच माइकमुळे. गन माइक (एकाच दिशेचा आवाज टिपणारा लांबट माइक) गुणलेखकाच्या टेबलाशी, मध्यरेषेच्या टोकाला, राखीव क्षेत्राच्या म्हणजे बाजूच्या लॉबीच्या दोनेक मीटर बाहेर, बुटक्या स्टँडवर लावावा. चढाईपटू रेषा ओलांडतो तेव्हाचा दम, मॅटवर घासणारे बूट, कोपऱ्यातून ‘धर, धर!’ ही हाक, सगळं त्यात येतं. त्याला 48 व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे माइकच्याच केबलमधून मिळणारी वीज, लागते आणि फोमचं कव्हर नसेल तर वारा सामना खाऊन टाकतो. मंडपाचे भोंगे त्याच्या पाठीमागे येतील अशी दिशा धरा. भोंग्यांवर दोन चढायांच्या मध्ये सिनेगीतं लावू नयेत, ही विनंती आयोजकांना आदल्या दिवशीच करावी. मंडपवाल्याच्या मिक्सरमधून लाइन घेतली तर वीजजोडणीची घरघर हमखास येते. दोन्हीकडची वीज एकमेकांपासून तोडणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा, किंवा आपलं सगळं सामान बॅटरीवर चालवा.

आता बोलणं. खानदेशात सातांतले तीन पाटील निघतात, नंदुरबारकडच्या संघात दोन वसावे आणि दोन पाडवी. ‘पाटीलने पकड केली’ यातून श्रोत्याला काहीच कळत नाही. बनियनचा क्रमांक आणि पहिलं नाव धरा. यादी सामन्याआधी कर्णधाराकडून वाचून घ्या, उच्चार तिथेच पक्के होतात. चढाई 30 सेकंदांची असते, तेवढ्यात वाक्यं तोकडी हवीत: ‘सात नंबर राकेश आत, डावा कोपरा टाळला, निदान रेषा ओलांडली, बोनसवर पाय, साखळी आली, पकडला!’ गुण मात्र प्रत्येक चढाईनंतर सांगायचे, कंटाळा आला तरी. रेडिओ मध्येच लावणाऱ्याला फलक दिसत नाही. त्यासाठी शेजारी दुसरा माणूस बसवा, ज्याचं काम फक्त गुण, उरलेले गडी आणि तिसरी चढाई (सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची, गुण घ्यावाच लागणारी) यांची नोंद ठेवून चिठ्ठी सरकवणं. डावा-उजवा कोपरा बचाव करणाऱ्या संघाच्या नजरेने ठरतो, समालोचकाच्या खुर्चीवरून नव्हे. समालोचकाची बोली अहिराणी असेल तर ती येऊ द्यावी. लोण चढल्यावर तोंडून निघालेलं अहिराणी वाक्य ऐकणाऱ्यालाही आपलं वाटतं.

पुरुषांचा सामना 20-20 मिनिटांचा, मध्ये 5 मिनिटं विश्रांती. पण टाइम-आउट, दुखापती आणि पंचांशी होणारी वादावादी धरून सव्वा तास राखून ठेवा. बाद फेरीत बरोबरी झाली तर तेवढाही पुरत नाही, म्हणून त्यानंतर कुठेही तोडता येईल असा रेकॉर्ड केलेला कार्यक्रम लावावा, पाहुण्यांची थेट मुलाखत नको.