सत्तरी ते सासष्टी : उर्राक, फेणी आणि ग्लासातली तुलना

बेळगावहून चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या केरीत आलं की गाडीच्या काचा खाली कराव्यात. एप्रिलमध्ये काजूच्या बोंडांचा आंबूस-गोड वास रस्त्यावरच गाठतो. फेणीची दुकानं किनाऱ्यावर हवी तेवढी आहेत, पण समजून प्यायची तर सुरुवात सत्तरी तालुक्यातल्या भाटीपासून, म्हणजे दारू गाळायच्या भट्टीपासूनच करावी, म्हणून आम्ही वाळपईच्या बाजूने आत शिरलो. फेब्रुवारीअखेर ते मे एवढाच हंगाम असतो. पाऊस लागला की भाटी थंड.

इथे आधी बोंडं बघावीत. आपणहून गळालेलं बोंड हवं. झाडावरून ओढून काढलेलं कच्चं बोंड रसात तुरटपणा सोडतं आणि साखरही कमी देतं. बी पिळून वेगळी करतात, बोंडं पायांनी मळतात आणि चोथ्याचा ढीग बांधून वर दगड ठेवतात. त्यातून रात्रभर थेंब थेंब गळतो तो नीरो. सकाळी थंड नीरो मिळाला तर आधी तो प्यावा. पुढे ग्लासात काय शोधायचं, हे त्यानेच कळतं.

आंबवायला रसात बाहेरचं यीस्ट घालत नाहीत. फळावरचं आणि भांड्यातलं पुरतं. गोव्याच्या उकाड्यात साधारण तीन दिवसांत रस तयार होतो. ते दिवस चुकले आणि रस जास्त राहिला तर तो व्हिनेगरकडे झुकतो, आणि ती आंबट चुणचुण ऊर्ध्वपातनातूनही पुढे येते. जाळ मोठा झाला तर फेस उसळून नळीत चढतो, तळाला गाळ लागतो आणि दारूला करपट वास येतो. नळीभोवतीचं पाणी कोमट होऊ दिलं तर वाफ पुरती थिजत नाही, माल हवेत जातो. म्हणून भाटीवर पोचल्यावर आम्ही आधी जाळ बघतो, मग त्या पाण्यात हात घालून बघतो. दोन्ही ठीक असतील तरच ग्लास पुढे करतो.

पहिल्या वेळी निघतो तो उर्राक. त्यात आंबलेला रस मिसळून पुन्हा भाटीवर चढवला की फेणी. जोर मोजतात ग्रावमध्ये. हे कार्टिये नावाच्या फ्रेंच माणसाचं जुनं माप आहे, त्यात शुद्ध पाणी १० वर येतं. उर्राक साधारण १४ ते १६ ग्राव, फेणी १९-२० च्या आसपास. १५ ग्राव म्हणजे ढोबळमानाने ३० टक्के अल्कोहोल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी : नुकतीच निघालेली गरम दारू मापली की काटा एखाद-दोन ग्राव जास्त दाखवतो, कारण गरम द्रव पातळ होतो आणि मापक खोल बुडतो. मोजायचं तर निवल्यावर.

‘पहिल्या धारेची’ हा आपल्याकडे कौतुकाचा शब्द आहे. मला तो पटत नाही. भाण, म्हणजे रस उकळायचं भांडं, तापल्यावर आधी येतात ती लवकर उडणारी द्रव्यं, असिटाल्डिहाइड आणि इथाइल असिटेटसारखी. त्यांचा वास नेलपॉलिश काढायच्या पातळ द्रावासारखा असतो आणि तो डोळ्यांपर्यंत जातो. त्याला जोर समजणं चूक. आम्ही चवीला माल घेतला तो सुरुवातीची धार बाजूला काढणाऱ्या भाटीचा. फळ मधल्या धारेत असतं. अगदी शेवटची धार पाणचट आणि ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते.

भाटीवर दोन सोप्या परीक्षा करता येतात. बाटली हलवून फेस बघायचा. चांगल्या जोराच्या फेणीवर बारीक मण्यांची कडी धरते आणि थोडा वेळ टिकते. पाणी मारलेलीवर ती लगेच विरते. दुसरी तळहाताची : चार थेंब चोळायचे, अल्कोहोल उडू द्यायचं आणि मग हुंगायचं. अस्सल काजूची असेल तर पिकून फुटलेला पेरू, अननस आणि हिरव्या मिरचीच्या देठासारखा उग्र वास हातावर रेंगाळतो. स्पिरिटमध्ये इसेन्स मिसळलेली असेल तर अत्तरासारखा गोडवा येतो, नाहीतर काहीच उरत नाही.

खरी तुलना मुक्कामावर केली, जेवणाआधी, कारण माशाच्या तिखट हुमणानंतर जिभेला काही कळत नाही. प्रत्येकी २० मिली, आत वळलेल्या तोंडाचे छोटे ग्लास, वर बशी, दहा मिनिटं थांबून. क्रम हलक्याकडून जडाकडे : उर्राक, माडाची फेणी, काजूची फेणी, शेवटी दुकशिरी, म्हणजे मुळं घालून ठेवलेली फेणी. नाक ग्लासात खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून वरूनच वास घ्यायचा. पहिला घोट कोरा, मग ग्लासात १० मिली साधं पाणी. ४२.८ टक्क्यांची फेणी राहिलेल्या १५ मिलीत १० मिली पाणी पडल्यावर साधारण २६ वर येते, आणि फळ तिथेच उघडतं. बर्फ नको, थंडीने वास मिटतो. मधेमधे कोरडे चुरमुरे.

हा ४२.८ चा आकडा आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक व्हिस्की-रमवरही दिसतो. जुन्या ब्रिटिश हिशेबात ५७.१ टक्के म्हणजे पूर्ण प्रूफ, त्याच्या ७५ टक्के म्हणजे ४२.८. त्यामुळे तुलनेला जोर सारखाच मिळाला, आणि आम्ही शेजारी मुद्दाम एक रोजच्या खपातली स्वस्त देशी व्हिस्की ठेवली होती. अशा व्हिस्कीचा पाया बहुधा मळीचं किंवा धान्याचं निव्वळ स्पिरिट, त्यात थोडं माल्ट. मळीच्या स्पिरिटला युरोपात व्हिस्की म्हणताच येत नाही. तिथे धान्य आणि लाकडात तीन वर्षं या अटी आहेत. पाणी घातल्यावर तिचा वास पाच मिनिटांत बसला आणि कॅरॅमलचा गोडवा तेवढा उरला. फेणी सहसा लाकडात मुरवलेली नसते, रंगही नसतो. तरी पाण्यानंतर ती वाढली. त्याच पैशात मी फेणी घेईन, डोळे झाकून.

ओळखीची खात्री करायची तर तीन ग्लास भरावेत, दोनांत एकच माल, आणि वेगळा कुठला ते दुसऱ्याने विचारावं. माडाची आणि काजूची फेणी कोणीही ओळखतो. दोन भाट्यांच्या काजू फेणीत खरी परीक्षा.

माडाच्या फेणीसाठी दुसऱ्या दिवशी दक्षिणेला सासष्टीत उतरलो. रेंदेर माडावर चढून सूर, म्हणजे माडी, उतरवतो, आणि सूर वर्षभर मिळतो, त्यामुळे हिला काजूसारखा हंगाम नाही. चव मऊ, ताज्या पावासारखी, शेवटी खोबऱ्याची किंचित स्निग्धता. काजूचा उग्रपणा ज्यांना झेपत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. दुकशिरी म्हणजे अनंतमुळाची मुळं घालून ठेवलेली फेणी. त्या मुळातलं सुगंधी द्रव्य व्हॅनिलिनचं जवळचं भावंड, म्हणून व्हॅनिलाची आठवण होते. मला ती जेवणानंतर १५ मिलीच बरी वाटते.

उर्राकची गंमत वेगळी : ६० मिली उर्राक, १२० मिली लिंबू-सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. हलका लागतो म्हणून ग्लास मोजायचे विसरू नयेत, त्यात फेणीच्या दोन-तृतीयांश जोर असतो. उर्राक फार टिकत नाही, हंगामातच संपवावा. सुटा माल मिनरल वॉटरच्या बाटलीत कधीच भरू नये, प्लॅस्टिकचा वास धरतो. काच न्यावी.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घ्यायची तर लेबलवर ‘काजू फेणी’ आणि टक्केवारी दोन्ही बघून सीलबंद घ्यावी. विमानात चेक-इन सामानात सीलबंदच चालते. रस्त्याने महाराष्ट्रात येणार असाल तर परवाना आधी काढा. बांद्याजवळ इन्सुलीला आणि आंबोलीला गाड्या तपासतात, आणि परवान्याशिवाय एक बाटलीही गुन्ह्यात मोजली जाते.